हस्तर, आजी आणि कोलासूर : मराठी गूढभयकथेचे चित्ररूप आणि त्याचा पूर्वेतिहास

१

मराठी भयकथेच्या इतिहासात १९९३ या वर्षाची नोंद सहसा केली जात नाही. त्या वर्षी नागझिरा अभयारण्यातील एका सहलीत राही अनिल बर्वे या किशोरवयीन मुलाला त्याच्या मित्राने नारायण धारप यांची एक कथा तोंडी सांगितली. नागझिरा तेव्हा भंडारा जिल्ह्यात होते. गोंदिया जिल्हा वेगळा झाला तो १ मे १९९९ रोजी. ऐकलेल्या कथेने मुलाच्या मनात जे घर केले ते पुढे पाव शतक टिकले. १९९७ मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, त्याने तिच्यावरून एका पटकथेचा पहिला खर्डा लिहिला. २००९-१० मध्ये सुमारे ७०० पानांचा चित्रित आराखडा, म्हणजे स्टोरीबोर्ड, काढला. २०१२ मध्ये चित्रीकरण सुरू झाले आणि १२ ऑक्टोबर २०१८ रोजी ‘तुंबाड’ हा हिंदी चित्रपट प्रदर्शित झाला. दिग्दर्शकाने मुलाखतींतून ही हकीकत सांगितलेली असल्यामुळे ती आता सर्वश्रुत आहे. तिच्यातून साहित्याच्या अभ्यासकापुढे जे प्रश्न उभे राहतात, त्यांचा विचार मात्र फारसा झालेला नाही.

हे प्रश्न तीन आहेत. पहिला संक्रमणाचा. एका भाषेतील, एका मासिकपरंपरेतील भयकथा दुसऱ्या भाषेत आणि पुढे तिसऱ्या माध्यमात जाते तेव्हा तिच्यातील नेमके काय टिकते आणि काय बदलते? दुसरा प्रश्न माध्यमाचा. जी कथा न दाखविण्यावर उभी असते ती रेषेत कशी उतरावी? चित्रपटाच्या आधीची ७०० रेखाटलेली पाने आणि आज महाजालावर प्रसिद्ध होणाऱ्या भयचित्रकथा, म्हणजेच वेबकॉमिक, या दोहोंच्या मुळाशी ही एकच अडचण आहे. तिसरा प्रश्न भूमीचा. कथा ऐकली गेली ती झाडीपट्टीच्या अरण्यात, पण ती रुजली कोकणातील पावसात. ज्या भूमीने कथेला पहिला श्रोता दिला, त्या भूमीचे स्वतःचे भय या साऱ्या व्यवहारात कोठे राहिले?

२

संक्रमणाचा प्रश्न एका नामाच्या आधारे तपासणे सोयीचे ठरते. ‘तुंबाड’मधील शापित देवपुत्राचे नाव हस्तर. हे नाव कानाला संस्कृतोद्भव वाटते. त्यात ‘हस्त’ ऐकू येतो, आणि लोभाने पुढे होणारा हात हीच त्या पात्राची मुख्य कृती असल्यामुळे व्युत्पत्तीचा आभास अधिकच पक्का होतो. प्रत्यक्षात या नावाचे मूळ कोणत्याही पुराणात नाही.

अँब्रोज बिअर्स या अमेरिकन लेखकाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात लिहिलेल्या ‘हायटा द शेफर्ड’ या रूपककथेत हॅस्टर हा मेंढपाळांचा सौम्य देव आहे. रॉबर्ट चेंबर्सच्या ‘द किंग इन यलो’ (१८९५) या संग्रहात तेच नाव कधी स्थळाचे, कधी तारकेचे, कधी एका सामान्य पात्राचे म्हणून येते. त्याचा अर्थ मुद्दामच निसटता ठेवलेला आहे. एच. पी. लव्हक्राफ्टने ‘द व्हिस्परर इन डार्कनेस’ या ‘वीअर्ड टेल्स’ मासिकात १९३१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कथेत अशुभ नामांच्या एका यादीत त्याचा केवळ उच्चार केला. त्याचे स्पष्टीकरण दिले नाही. पुढे त्याचा शिष्य ऑगस्ट डर्लेथ याने ‘द रिटर्न ऑफ हॅस्टर’ (१९३९) या कथेत त्या नावाला एक निश्चित राक्षसी अस्तित्व दिले. १९८४ मध्ये स्टीफन किंगने ‘ग्रॅमा’ ही कथा लिहिली. तिच्यात अकरा वर्षांचा मुलगा अंथरुणाला खिळलेल्या आपल्या अंध, अवाढव्य आजीजवळ घरात एकटा राहतो. मोठ्या भावाचा पाय मोडल्यामुळे आई रुग्णालयात गेलेली आहे. आजीने तारुण्यात काही निषिद्ध ग्रंथांचा अभ्यास केलेला आहे, आणि मृत्यूनंतर ती उठते तेव्हा तिला झोपविण्याचा एकच उपाय सांगितला जातो, तो म्हणजे हॅस्टरच्या नावाने आज्ञा करणे.

‘आजी’ ही धारपांची कथा या ‘ग्रॅमा’चे मराठी रूप होय. ‘तुंबाड’च्या पहिल्या खंडातील घटनाक्रम याच कथाबीजाचा आहे. भाऊ जखमी होतो, आई त्याला घेऊन जाते, मुलगा विनायक साखळदंडातील म्हातारीजवळ एकटा उरतो आणि हस्तरच्या नावाचा धाक घालताच ती निद्रिस्त होते. म्हणजे मेंढपाळांच्या एका दयाळू देवाचे नाव सव्वाशे वर्षांत पाच-सहा हातांतून फिरत कोकणातील एका वाड्यात म्हातारीला झोपविण्याच्या कामी आले.

या प्रवासाकडे ‘प्रभाव’ या ढोबळ संज्ञेने पाहिल्यास फारसे हाती लागत नाही. प्रभाव म्हणजे आशयाचे वहन, अशी आपली समजूत असते. येथे आशय जवळजवळ प्रत्येक टप्प्यावर बदललेला आहे. टिकले आहे ते केवळ नाव, आणि नाव उच्चारण्याने काहीतरी घडते ही श्रद्धा. लव्हक्राफ्टच्या परंपरेतील लेखकांनी परस्परांची नावे, ग्रंथ आणि स्थळे उघडपणे उसनी घेतली. एकाच्या कथेतील काल्पनिक ग्रंथ दुसऱ्याच्या कथेतही सापडला म्हणजे वाचकाला तो खरा वाटू लागतो, ही त्यामागील युक्ती होती. हे वाङ्मय वैयक्तिक प्रतिभेच्या स्वामित्वापेक्षा पुराणरचनेच्या सामूहिक पद्धतीला जवळचे आहे. पुराणांतही नामे टिकतात आणि कथा बदलतात. म्हणूनच हस्तर मराठी मातीत परका वाटला नाही. त्याच्या प्रवासाची रीतच येथील श्रोत्याला परिचित होती.

३

धारपांच्या (१९२५–२००८) कार्याचे मूल्यमापन करताना मराठी समीक्षा बराच काळ एका द्विधेत सापडलेली दिसते. त्यांच्या वाचकसंख्येविषयी कोणालाच शंका नव्हती. वाङ्मयीन दर्जाविषयी मात्र मौन होते. ‘लुचाई’मागे किंगची ‘सेलम्स लॉट’ आहे, ‘शपथ’मागे ‘इट’ आहे, हे वाचकांना हळूहळू कळले. पण या रूपांतरांत धारपांनी काय केले याचा तौलनिक अभ्यास दुर्मिळच राहिला. हा लेखक उसनवार आहे, असे म्हणून त्याला बाजूला सारणे सोपे गेले. ज्या वाङ्मयाच्या मुळाशीच उसनवारीची रीत आहे, तेथे हा आक्षेप निकष म्हणून कितपत चालेल, हा विचार झाला नाही.

या अनास्थेला एक जुने शास्त्रीय अधिष्ठानही आहे. नाट्यशास्त्राने भयानकाला रस म्हणून मान्यता दिली, परंतु त्याचा आश्रय मुख्यतः स्त्रिया आणि नीच प्रकृतीची पात्रे यांच्या ठायी मानला. धीरोदात्त नायकाला भय शोभत नाही. अद्भुताला मात्र अशी मर्यादा नाही. विस्मय थोरांनाही होतो. पाश्चात्त्य गूढभयकथेचे वैशिष्ट्य असे की तिच्यात भय आणि विस्मय हे दोन स्थायी भाव वेगळे करता येत नाहीत. लव्हक्राफ्टचा नायक बहुधा विद्वान असतो. त्याला भय वाटते ते ज्ञानामुळे, अज्ञानामुळे नव्हे. विश्व मानवाविषयी उदासीन आहे, हे कळणे हाच तेथील भयाचा क्षण असतो. ही जाणीव मराठीत आणताना धारपांना एका वेगळ्या वाचकाशी बोलायचे होते. हा वाचक पिशाच मानतो किंवा मानत नाही, पण विश्व सर्वस्वी उदासीन आहे ही कल्पना सहसा स्वीकारत नाही.

धारपांनी यावर शोधलेले उत्तर म्हणजे ‘समर्थ’. त्यांच्या अनेक कथांत अशुभाशी सामना करणारा हा नायक नावापासूनच मराठी मनाला आधार देतो. रामदासांचे आणि अक्कलकोटच्या स्वामींचे स्मरण त्या नावात आपोआप जागे होते. समर्थ आला म्हणजे अशुभाला प्रतिशक्ती आहे, विश्वात एक न्याय आहे, याची ग्वाही मिळते. लव्हक्राफ्टच्या दृष्टीने पाहता हा मूळ जाणिवेचा पराभव आहे. पण असा बदल प्रथम धारपांनीच केला असे समजणे इतिहासाला धरून नाही. डर्लेथने अमेरिकेतच या देवतांची शुभ आणि अशुभ अशा दोन पक्षांत वाटणी केली होती. निरर्थक विश्वाचे भय फार काळ सोसवत नाही आणि त्याला नीतीचे कुंपण घातले जाते, ही प्रवृत्ती कोण्या एका संस्कृतीची मक्तेदारी नव्हे. फरक कुंपणाच्या सामग्रीत आहे. डर्लेथचे कुंपण मूलद्रव्यांच्या वर्गीकरणाचे आहे, तर धारपांचे गुरुपरंपरेचे.

मराठीत याच सुमारास दुसरे मार्गही चोखाळले जात होते. रत्नाकर मतकरी (१९३८–२०२०) यांनी ‘गूढकथा’ हे नाव आग्रहाने धरले आणि भयाचे केंद्र बाहेरच्या पिशाचातून माणसाच्या मनात नेले. जी. ए. कुलकर्णी (१९२३–१९८७) यांच्या कथेत नियतीचे जे निर्विकार रूप दिसते, ते मराठीतील विश्वौदासीन्याच्या जाणिवेच्या सर्वांत जवळ जाते, पण त्यांना भयकथाकार म्हणण्याचे धाडस कोणी केले नाही. वाङ्मयप्रकारांच्या भिंती अशा रीतीने उभ्या राहिल्या की धारपांची सामग्री आणि जी. एं.ची जाणीव यांची गाठ समीक्षेत पडलीच नाही. ती पडावयास एका चित्रपटाची वाट पाहावी लागली, ही बाब समीक्षेने विचारात घेण्याजोगी आहे.

४

‘तुंबाड’मध्ये समर्थ नाही. कोणताही तारणहार येत नाही, मंत्र वाचवीत नाही. या अर्थाने चित्रपट धारपांच्या सर्वसाधारण पद्धतीपासून दूर जाऊन किंगच्या कथेच्या निराधार वातावरणाकडे परततो. पण तो लव्हक्राफ्टच्या उदासीन विश्वातही पोहोचत नाही, कारण येथील अशुभ माणसाविषयी उदासीन नाही. ते माणसाच्या लोभाला अचूक प्रतिसाद देते. पूर्तीच्या देवीच्या या पुत्राला सोने मिळाले, धान्य मिळाले नाही. म्हणून पिठाची बाहुली दाखवून त्याच्या लंगोटातील मोहरा पळविता येतात. भुकेला देव आणि लोभी माणूस यांच्यामधील हा हिशेब पिढ्यान्‌पिढ्या चालतो.

वारशाच्या कल्पनेत झालेला बदल सर्वांत महत्त्वाचा आहे. किंगच्या कथेत आजी नातवाला वारसा देते तो दुष्ट विद्येचा, आणि शेवटी नातवाच्या देहात आजीच उरली आहे असा संकेत मिळतो. चित्रपटात हाच वारसा धनाचा होतो. ज्या म्हातारीच्या अंगावर झाड उगवले आहे तिच्याजवळ मोठा झालेला विनायक परत येतो तो खजिन्याचे रहस्य मागण्यासाठी. पुढे तो ते रहस्य आपल्या मुलाला शिकवितो. देहप्रवेशाचे भय मालमत्तेच्या संक्रमणात रूपांतरित झाले. कथा १९१८ मध्ये सुरू होऊन १९४७ मध्ये संपते, यालाही अर्थ आहे. शीर्षक श्री. ना. पेंडसे यांच्या ‘तुंबाडचे खोत’ (१९८७) या द्विखंडात्मक कादंबरीवरून घेतले आहे, आणि कथानकाचा संबंध नसला तरी त्या नावाबरोबर खोतीची सारी स्मृती येते. कोकणातील खोती नष्ट करण्यासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ मध्ये मुंबई विधिमंडळात विधेयक मांडले होते. प्रत्यक्ष कायदा झाला तो १९४९ मध्ये. कुळाच्या श्रमावर पोसलेला वाडा, त्याच्या पोटात दडलेले न संपणारे सोने आणि दाराशी आलेले नवे शासन, ही चित्रपटाची चौकट या इतिहासापासून वेगळी काढता येत नाही.

यावरून पहिल्या प्रश्नाचे उत्तर काही अंशी मिळते. उसनी कथा जेव्हा उसन्या भूमीवर उभी राहते तेव्हा ती नक्कल ठरते. ती एखाद्या प्रत्यक्ष सामाजिक स्मृतीला चिकटली की तिचे भय स्वतंत्र होते. देशीवादाच्या चर्चेत मूळ कोठले, या प्रश्नाला जे अग्रस्थान मिळाले ते येथे अपुरे पडते. हस्तरचे मूळ निर्विवाद परकीय आहे. त्याची भूक मात्र खोतीच्या अंगणातील आहे.

५

आता माध्यमाचा प्रश्न. तोंडी सांगितलेल्या कथेत सांगणारा जे गाळतो ते ऐकणारा भरून काढतो. नागझिऱ्याच्या विश्रामगृहांत वीज नसणे ही तेथील प्रसिद्ध खूण आहे. अशा अंधारात श्रोत्याला चित्र स्वतःच तयार करावे लागते. पुढे १७ वर्षांनी त्या श्रोत्याने ७०० पाने रेखाटली, ही घटना श्रवणाचे दर्शनात झालेले रूपांतर म्हणून पाहण्यासारखी आहे. स्टोरीबोर्ड आणि चित्रकथा या दोहोंत चौकटींची मालिका असते, पण त्यांचे प्रयोजन निराळे आहे. स्टोरीबोर्डची चौकट पुढे चित्रपटात विरून जाण्यासाठी काढलेली असते. चित्रकथेची चौकट कायम राहते आणि दोन चौकटींमधील कोरी जागा वाचकाला स्वतः भरावी लागते. स्कॉट मॅक्क्लाउड यांनी ‘अंडरस्टँडिंग कॉमिक्स’ (१९९३) या ग्रंथात या कोऱ्या जागेलाच या माध्यमाचे मर्म मानले. भयकथेच्या दृष्टीने हे सूत्र विशेष मोलाचे आहे, कारण तोंडी कथेतील गाळलेली जागा छापील पानावर जर कोठे टिकत असेल तर ती येथेच.

लव्हक्राफ्टच्या कथेचे चित्रण करणाऱ्यांपुढील पेच उघड आहे. ज्याचे वर्णन करता येत नाही असे लेखक वारंवार सांगतो, ते रेषेने दाखवावयाचे आहे. अर्जेंटिनातील आल्बेर्तो ब्रेसिया यांनी १९७० च्या दशकात या कथांची चित्ररूपे करताना शाई, डाग आणि चिकटचित्रे यांचा वापर करून आकृती जवळजवळ विरघळवून टाकली. वाचक काहीतरी पाहतो, पण काय पाहतो ते त्याला सांगता येत नाही. जपानमधील जुन्जी इतो यांनी ‘उझुमाकी’ (१९९८–९९) मध्ये उलट मार्ग घेतला. त्यांची रेषा अत्यंत स्पष्ट आहे. भय तेथे आकृतीच्या अस्पष्टतेत नसून एका निरुपद्रवी आकाराच्या, म्हणजे सर्पिलाच्या, सर्वत्र होणाऱ्या पुनरावृत्तीत आहे. महाजालाने या दोन मार्गांत तिसऱ्याची भर घातली. कॅनडाच्या एमिली कॅरोल यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘हिज फेस ऑल रेड’ या वेबकॉमिकमध्ये चौकटींमधील काळोखी अंतरे पडद्यावर लांबत जातात. वाचक स्वतः पान खाली सरकवीत असतो, त्यामुळे भयाकडे जाण्याची कृती त्याच्याच बोटाने होते. कोरियातील होरांग यांच्या २०११ मधील ‘बोंगचन-दोंगचे भूत’ या चित्रकथेने हीच सरकण्याची क्रिया वाचकाच्या हातून क्षणभर काढून घेतली आणि चित्र आपोआप पुढे धावविले.

मराठी वाचकाला हे सारे सर्वस्वी नवे आहे असे नाही. पिंगुळीचे चित्रकथी एकेक चित्र समोर धरून कथा गात, आणि पुढचे चित्र केव्हा दाखवावयाचे हे सांगणाराच ठरवीत असे. सदाशिव काशीनाथ छत्रे यांची ‘वेताळपंचविशी’ १८३० मध्ये मराठीत छापली गेली. ‘चांदोबा’ मासिकाने विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्याच कथाचौकटीला खांद्यावर प्रेत घेऊन चालणाऱ्या विक्रमाचे कायमचे चित्र दिले. त्या चित्राने पिढ्यान्‌पिढ्यांच्या मनात वेताळ निश्चित केला. पण त्याबरोबरच वेताळाचे भयही संपविले, कारण दर महिन्याला तोच दिसणारा वेताळ परिचित होतो. ‘तुंबाड’च्या उत्तरार्धात हस्तर जितका स्पष्ट दिसतो तितका तो कमी भयावह होतो, असा काही प्रेक्षकांचा अनुभव असल्यास त्याचे कारणही हेच असावे. म्हातारी अधिक भयंकर वाटते, कारण ती आजी आहे. तिचे नाते आकृतीच्या आधी आपल्यापर्यंत पोहोचते.

वेबकॉमिक करू पाहणाऱ्या मराठी चित्रकारापुढे म्हणून दोन प्रलोभने असतात. एक, जपानी किंवा अमेरिकन राक्षसाची आकृती घेऊन तिला मराठी नाव देणे. दुसरे, लोककथेतील पिशाचांची सूची करून त्यांना एकेक रूप बहाल करणे. दोन्हींमध्ये आकृती आधी येते आणि भय मागून येईल अशी अपेक्षा असते. हस्तरचा प्रवास मात्र नेमका उलट क्रम दाखवितो. आधी नाव आले, मग नाते, मग भूमी आणि सर्वांत शेवटी आकृती.

६

भूमीच्या प्रश्नाकडे वळताना पुन्हा नागझिऱ्याकडे यावे लागते. १९७० मध्ये अभयारण्य म्हणून घोषित झालेल्या या अरण्याला मराठी साहित्यात स्थान मिळाले ते निरीक्षणाच्या वाटेने. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘नागझिरा’ या पुस्तकातील माणूस अरण्यात एकटा राहतो, ऐकतो, पाहतो आणि नोंदवितो. तेथे सावधपणा आहे, पण भय हा त्या लेखनाचा भाव नाही. मारुती चितमपल्ली यांचे लेखन नवेगावबांधच्या परिसरातील पक्षी, वृक्ष आणि आदिवासी ज्ञानपरंपरा यांच्या सहवासातून वाढले. त्यातही अरण्य हे विस्मयाचे आणि आत्मीयतेचे क्षेत्र आहे. म्हणजे लेखी मराठीने भंडाऱ्याच्या अरण्यातील अद्भुत टिपले. भयानक मात्र तेथे आलेल्या पाहुण्यांनी पुण्या-मुंबईच्या छापील कथांतून बरोबर आणले. १९९३ मधील प्रसंगाचा हा विरोधाभास दुर्लक्षिण्यासारखा नाही.

झाडीपट्टीला स्वतःचे भय नव्हते असे मात्र नाही. ते झाडीबोलीत होते, दंडारीच्या आणि खडी गंमतीच्या रात्रींत होते, आणि मुख्यतः तलावांच्या काठी होते. भंडारा हा तलावांचा जिल्हा. गोंड राजवटीपासून कोहळी समाजाने हे तलाव बांधले. जो तलाव बांधील त्याला जमीन, या रिवाजातून गावे वसली. पुढे मालगुजारी आली. १९५० मध्ये तेव्हाच्या मध्य प्रदेश राज्याने कायद्याने मालगुजारीचे हक्क संपविले, आणि शासनाकडे आलेल्या जलाशयांना ‘माजी मालगुजारी तलाव’ म्हणता म्हणता लोक ‘मामा तलाव’ म्हणू लागले. कोकणात खोती आणि वाडा, तशी येथे मालगुजारी आणि तलाव. संपत्ती, श्रम आणि वारसा यांची तीच गुंतागुंत येथे पाण्याच्या रूपात आहे.

यांपैकी नवेगावबांधच्या विस्तीर्ण तलावाची कथा या संदर्भात विशेष बोलकी आहे. तो कोलू पाटील कोहळी याने अठराव्या शतकाच्या आरंभी बांधला अशी परंपरा आहे. सभोवतालच्या टेकड्यांना ‘सात बहिणी’ म्हणतात, आणि त्यांतील एका शिखरावर तलाव बांधणारा हा माणूस ‘कोलासूर देव’ म्हणून पूजिला जातो. हे नाव ‘असूर’ आणि ‘देव’ ही दोन्ही पदे एकत्र बाळगते. ज्याला विस्मरणाचा शाप आहे असा हस्तर आणि ज्याला शिखरावर स्मरणाचे स्थान आहे असा कोलासूर, या दोन नामांमधील अंतर नकाशावर फारसे नाही. नागझिरा आणि नवेगाव आज २०१३ मध्ये घोषित झालेल्या एकाच व्याघ्रप्रकल्पाचे भाग आहेत.

येथे एक मोह टाळला पाहिजे. हस्तरच्या जागी कोलासुराला बसवावे, म्हणजे देशी भयचित्रकथा तयार होईल, असा निष्कर्ष कोणी काढील. तो चुकीचा ठरेल, आणि त्याचे कारण केवळ वाङ्मयीन नाही. हस्तर हे नाव कोणाच्याही पूजेत नव्हते; त्याला राक्षस करताना कोणाच्या पूर्वजाचा अवमान झाला नाही. कोलासूर हा ज्यांच्या पूर्वजाचा देव आहे तो समाज आज त्याच परिसरात नांदतो. ज्याने पाणी अडवून गाव जगविले त्याला नावातील ‘असूर’ पाहून दैत्य ठरविणे म्हणजे शब्दाला पाहून माणसाला विसरणे होय. लोकदैवतांना भयकथेचा कच्चा माल समजणारी दृष्टी बाहेरून आलेल्या पाहुण्याचीच असते, मग ती मराठीत बोलो की इंग्रजीत.

मग या भूमीतील भय कोठे शोधावे? हस्तरच्या प्रवासाने दाखविलेला क्रम येथेही उपयोगी पडतो. नाव आणि आकृती यांच्याआधी नाते आणि हिशेब शोधावा लागेल. तलाव कोणाच्या श्रमाने झाला, पाणी कोणाच्या शेताला गेले, कोणाला काठावर थांबावे लागले, बांध टिकावा म्हणून काय द्यावे लागले, हे ते प्रश्न आहेत. जलाशयाला पाणी लागावे म्हणून घरातील सून किंवा लेक बळी देण्याचे कथासूत्र मराठी लोकगीतांत सर्वदूर आढळते. त्यातील भयाचे केंद्र पाण्यातील कोणी अज्ञात प्राणी नसून तिला काठावर नेणारा घरचाच माणूस असतो. ‘आजी’मधील भयाचे सामर्थ्य ज्या जागी आहे, नेमक्या त्याच जागी हेही सामर्थ्य आहे.

हे काम चित्रकाराचे आहे तितकेच अभ्यासकाचेही आहे. झाडीबोलीच्या शब्दसंपत्तीचे संकलन डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी साकोलीत राहून निष्ठेने केले. त्या बोलीतील भयकथनाच्या रीतींचे, म्हणजे कथा कोठे थांबते, नाव केव्हा उच्चारत नाहीत, श्रोत्याकडून हुंकार कसा घेतला जातो, यांचे संकलन त्याच निष्ठेने होणे आवश्यक आहे. वेबकॉमिकच्या पडद्यावरील लांबलेली काळोखी जागा आणि सांगणाऱ्याने मध्येच धरलेले मौन ही एकाच युक्तीची दोन रूपे आहेत. दुसऱ्याचा अभ्यास नसेल तर पहिलीचा वापर अनुकरणापुरताच राहील.

धारपांच्या एका कथेने नागझिऱ्यात एका मुलाला घाबरविले, आणि त्या भयाला आकार देण्यात त्याने २५ वर्षे घालविली. ती कथा धारपांची होती, किंगची होती, आणि तिच्यातील नाव त्याहून जुन्या लेखकांचे होते. यात लपविण्यासारखे काही नाही. समीक्षेने ही वंशावळ धारपांच्या हयातीतच मांडली असती, तर त्यांच्या रूपांतरकौशल्याचे योग्य श्रेय त्यांना मिळाले असते आणि उसन्या गोष्टीचे स्वतःच्या गोष्टीत रूपांतर कसे होते याचा एक पाठ पुढील पिढीतील लेखक-चित्रकारांच्या हाती आधीच आला असता. झाडीपट्टीतील सांगणारे अजून सांगत आहेत. त्यांच्याबाबत तोच विलंब पुन्हा होऊ नये, एवढे तरी या इतिहासातून शिकता येईल.